बहुमताचा मसाला

मार्च संपत आला की मुलुंड पूर्वेला मंडईच्या तोंडाशी मिरचीची पोती उघडतात आणि मला लांबूनच शिंका सुरू होतात. यंदाही झाल्या. कोथिंबिरीची जुडी घ्यायला म्हणून गेले होते, आणि बेडगीच्या त्या काळपट लाल ढिगापुढे नाकाला पदर लावून उभी राहिले ती राहिलेच. मिरचीवाला म्हणाला, "आजी, घ्यायची आहे की नुसतं बघायचंय?" मी म्हटलं, "नुसतं बघतेय." "बघा मग," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला हा माणूस एकदम आवडला.

असल्या वासांनी लोकांना म्हणे माहेर आठवतं, आईचे हात आठवतात. मला आमच्या सोसायटीची मीटिंग आठवते. प्लास्टिकच्या खुर्च्या, गार पडलेले बटाटेवडे आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेले आमचे सेक्रेटरी टिपणीस. तीन वर्षं झाली, पण तो एक उन्हाळा काही माझ्या नाकातून जात नाही.

सोसायटीचं नाव सौहार्द. बिल्डर थट्टेखोर असावा. दोन विंग, चार मजले आणि वर एक गच्ची. एप्रिल उजाडला की त्या गच्चीवर जागा धरायला आम्ही बायका जुन्या चादरी घेऊन धावायचो. ऊन चढायच्या आत मिरच्या पसरायच्या, चादरीच्या कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून देठ काढायचे. बोटं चुरचुरायची. त्याच बोटांनी एखादीने चुकून डोळा चोळला की ती बोंबलायची आणि बाकीच्या हसायच्या. खोबऱ्याच्या कापांवर कावळे टपलेले असायचे. धणे तापले की त्यांचा एक गोडसर वास यायचा, तो मला अजून फार आवडतो. खालच्या मजल्यांवर दुपारभर कुणी ना कुणी खोकत असायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण मसाल्याचे दिवसच होते ते.

मग सगळं डब्यात भरून स्टेशनजवळच्या डंक्यावर न्यायचं. लोखंडी मुसळं धाडधाड आपटतायत, हवेत लाल धूळ, आणि प्रत्येक बाई नाकाला ओढणी बांधून स्टुलावर बसलेली, नजर आपल्या उखळावर. हलायचं नाही. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळली तर? मुलुंडच्या बायका आयुष्यात फार कमी गोष्टींना भितात, त्यातली ही एक. मीही तशीच बसायचे, दोन दोन तास.

निर्मला कांबळे आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची. आईवडील लातूरकडचे, ही मात्र जन्मली-वाढली घाटकोपरच्या चाळीत, त्यामुळे बोलणं एकदम तोडून. नवरा प्रकाश मरोळला एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास कारखान्याला टाळं लागलं आणि प्रकाश घरी बसला. निर्मलाने आठवडाभर तोंड पाडलं असेल नसेल, मग आईकडून शिकलेला काळा मसाला करायला घेतला. कांदा कडक होईपर्यंत तळायचा, खोबरं पार काळं होईपर्यंत भाजायचं, दगडफूल हाताने चुरायचं. आधी प्रकाशच्या जुन्या सोबत्यांनी नेला, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. एप्रिलमध्ये गच्चीवर तिच्या चार चादरी लागल्या. बाकी सगळ्यांची एकेक आणि तिच्या चार. तेवढंच झालं खरं तर.

टिपणीस आधी गोड बोलायला गेले. मी तेव्हा जिन्यातच होते, माझ्यासमोरचं आहे. म्हणाले, "कांबळे मॅडम, अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. आपण सोसायटीतून वर्गणी काढू. शेवटी आपण सगळे एक कुटुंब आहोत."

निर्मला हसली. म्हणाली, "वर्गणी कशाला, साहेब? दोन-चार गिऱ्हाइकं पाठवा ना."

टिपणीसांचा चेहरा असा पडला की काय सांगू. या बाईने हात पसरला असता तर त्यांनी तिच्यावर पंधरा ऑगस्टला भाषण ठोकलं असतं. शाल दिली असती, फोटो काढला असता. पण ती काही मागतच नव्हती. विकत होती. उपकाराची संधी हातची गेली की आमच्याकडच्या सज्जन माणसांचा जो तिळपापड होतो ना, तो बघण्यासारखा असतो.

पुढच्या रविवारी मीटिंग. विषय होता, गच्चीचा व्यापारी वापर. आता हे ऐका. ए विंगमध्ये तळमजल्यावर सकाळ-संध्याकाळ दहावीचे क्लास चालायचे, पन्नास चपला दारात. टिपणीसांचा मुलगा घरात बसून लोकांचे इन्कम टॅक्स भरायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कथक शिकवायच्या, वरून घुंगरं, खालून शिव्या. यातलं काहीही व्यापारी नव्हतं. ते 'प्रोफेशन'. निर्मला करायची तो 'धंदा'. आणि हा शब्द उच्चारताना टिपणीस तोंड असं करायचे, जसं काही जिभेवर केस आलाय.

एक जण म्हणाले, ठसका लागतो. यांची स्वतःची बायको चादर वाळत घालूनच खाली आली होती. दुसरे म्हणाले, "त्यांच्याकडे कसले कसले वास येतात हो." तिसऱ्या बाई, अगदी मायेने, "निर्मला, तुमचं मूळ गाव कुठलं गं?" दारावर आडनावाची पाटी असताना हा प्रश्न का विचारतात, हे या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. निर्मलाने सरळ त्यांच्याकडे बघत सांगितलं, "घाटकोपर." मला हसू आलं होतं. पण मी हसले नाही.

ठराव आला तेव्हा मी हात वर केला. निर्मलाच्या विरुद्ध. का? माझ्या न्हाणीघरात वरून पाणी गळत होतं, आणि दुरुस्तीचा अर्ज टिपणीसांच्या टेबलावर पडून होता. मीटिंगच्या आधी ते मला म्हणाले होते, "पेंडसेबाई, तुमचं बघतोय हं मी." बस्स. एवढंच. त्या हॉलमधल्या प्रत्येकाचं काही ना काही टिपणीसांकडे अडकलेलं होतं. कुणाला पार्किंग हवं होतं, कुणाला बाल्कनीला ग्रिल बसवायचं होतं, कुणाला भाडेकरूसाठी कागद हवा होता. लोकशाही, लोकशाही म्हणून आपण जिचे गोडवे गातो ती आमच्या हॉलमध्ये अशी भरली होती, एकेका अडकलेल्या अर्जाच्या दोरीला बांधलेली. हात भराभर वर गेले. गळती अजून आहे, बरं का.

आणि मला तर लाज वाटायला जास्तच कारण होतं, कारण हा खेळ मी तीस वर्षं पगार घेऊन खेळले होते. सरकारी कचेरीत, परवान्यांच्या टेबलावर. कोण काय उघडू शकतो आणि कुठे, ते आम्ही ठरवायचो. विक्रोळीचा एक माणूस पिठाची गिरणी टाकायला अर्ज घेऊन यायचा. घामाने भिजलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मी त्याला तीनदा परत पाठवला. एकदा नकाशावर सही नव्हती, एकदा सही होती पण शिक्का नव्हता, तिसऱ्यांदा काय होतं ते मलाही आठवत नाही. लाच कधी घेतली नाही मी. सगळीकडे अभिमानाने सांगायचे. पण चष्मा वर करून "नाही होणार" म्हणण्यात जी गोडी होती, ती कुठल्या लाचेत असणार? घरी सासू मला विचारत नव्हती, नवरा विचारत नव्हता, पण त्या खुर्चीत बसले की एक चांगला धट्टाकट्टा माणूस माझ्या होकारासाठी घाम पुसत उभा राहायचा. त्याची गिरणी झाली की नाही मला माहीत नाही. मी कधी चौकशीच केली नाही.

म्हणून सांगते, टिपणीस मला आरपार दिसतात. नियम, शिस्त, समाजहित, सगळं ऐकून घेते मी आणि मनात म्हणते, अहो टिपणीस, खुर्चीची हौस आहे, सरळ सांगा ना.

ठराव झाल्यावर टिपणीसवहिनी उभ्या राहिल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा. म्हणाल्या, आपण निर्मलाच्या पोटावर पाय देत नाही आहोत, उलट आपण सगळ्याजणी मिळून मसाला करू. सोसायटीचा मसाला. ना नफा ना तोटा. निर्मला मार्गदर्शन करेल. टाळ्या! 'ना नफा' म्हटलं की आमच्याकडे टाळ्या पडतातच, जसं काही नफा म्हणजे कुणाच्या तरी खिशातून पळवलेली वस्तू. प्रकाश कारखान्यात जायचा तेव्हा घरी पगार आणायचा, त्याला कुणी पाप म्हटलं नव्हतं. त्याच्या बायकोने तेवढंच मिळवायचं म्हटलं की तो नफा.

निर्मला उठली. ओरडली वगैरे नाही. म्हणाली, "वहिनी, मसाला माझा आहे, त्यावर नाव माझं राहणार, भाव मी लावणार. जमत नसेल तर राहू द्या." आणि चप्पल घालून निघून गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "माज बघा." संध्याकाळी तिने चारही चादरी गुंडाळून खाली नेल्या. मी दाराच्या फटीतून बघितलं. दार उघडलं नाही.

मग सौहार्द सोसायटीने बहुमताने मसाला केला. अहाहा! तो सोहळा ज्यांनी पाहिला नाही त्यांचा जन्म फुकट गेला. मिरची कुठली घ्यायची यावर दीड तास चर्चा. मालवणच्या सावंतबाईंना लवंगीशिवाय मसाला म्हणजे रांगोळी वाटत होती. शहाबेनना लसूण चालणार नव्हता आणि कांदा तर बघायचाही नव्हता. एकीला कोकणातलं तिरफळ हवं, एकीला बडीशेप. आम्ही सुसंस्कृत लोक, कुणाचं मन मोडायचं नाही! सगळ्यांचं थोडं थोडं घातलं, ज्याला कुणाचाही विरोध होता ते सगळं काढलं. जे उरलं त्याला मसाला म्हणायचं असाही मग ठराव झाला असावा, कारण चव बघून तर कुणी म्हटलं नसतं.

त्यातून तो सगळा माल गच्चीवर वाळत असताना टाकी वाहिली. पंप बंद करायचा होता. कुणी? मंडळाने. मंडळ म्हणजे कोण? प्रत्येकीला वाटलं दुसरी करेल. निर्मलाच्या चार चादरी असत्या तर ती धावत वर गेली असती, मध्यरात्रीसुद्धा गेली असती, कारण त्या चादरींवर तिच्या घरचं जेवण होतं. आमच्या चादरींवर आमचं काय होतं? नुसता ठराव. दुपारी चारला वर जाऊन बघतो तर मिरच्या पाण्यात पोहतायत आणि खोबऱ्याचे काप गटाराच्या जाळीला लागलेत. वहिनी म्हणाल्या, "काही होत नाही, वाळवू परत." वाळवल्या. कुटल्या. त्याला ओल्या गोधडीचा वास मारत होता. मग आता विकायचा कुणाला? तर त्याचंही उत्तर तयार होतं. प्रत्येक घराने एक पाकीट घ्यायचंच. सक्तीने. मी माझं पाकीट झाडांच्या कुंडीत ओतलं आणि जास्वंद गेली.

हसताय? हसा. पण मला अजून तो मिरच्यांचा चिखल आठवला की राग येतो. आम्ही एका बाईचं चालतं काम बंद पाडलं आणि त्याच्या जागी हे केलं, आणि वर स्वतःला समाजसेवक म्हणवून घेतलं.

दिवाळीच्या आत कांबळ्यांनी घर भाड्याने दिलं आणि ते अंधेरीकडे राहायला गेले. टेम्पो भरत होते तेव्हा खिडक्यांचे पडदे हलत होते. कुणी खाली उतरलं नाही. मी चहाचं आधण ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू, पाच कपांचं ठेवलं होतं. नेलं नाही.

गेल्या वर्षी पार्ल्याला भाचीकडे गेले होते. तिथे वाण्याच्या दुकानात फळीवर पाकीट दिसलं. 'निर्मला कांबळे यांचा काळा मसाला.' आडनावासकट, ठळक अक्षरात. मी वाण्याला विचारलं, कसा जातो? म्हणाला, "चांगला जातो. काही लोक नाव वाचून परत ठेवतात." एवढं सहज म्हणाला. "मग?" "मग काय, दुसरं गिऱ्हाईक येतं ना."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते. तिचं पाकीट परत ठेवणारे लोक आहेतच. ते काही सुधारले नाहीत, माझी तशी बावळट समजूत नाही. पण आता त्यांच्या मताला किंमत काय? त्यांना नको तर त्यांनी घेऊ नये. आमच्या हॉलमध्ये तिच्यासाठी सगळ्यांचे हात वर व्हायला हवे होते, दुकानात मात्र ज्याला हवाय त्याने घेतला की झालं. बहुमत लागत नाही. भरभरून तिला कुणी प्रेम दिलं नाही, पण तिचा रस्ता अडवायची सोयही कुणाकडे उरली नाही, आणि या शहरात मी प्रेमापेक्षा ही गोष्ट जास्त दुर्मिळ मानते.

भाची कॉलेजात शिकवते, तिला हे पटलं नाही. "मावशी, बाजार काय दयाळू असतो का गं? त्याला फक्त नफा कळतो."

"कळू दे की," मी म्हटलं. "आम्हाला तर जात कळत होती."

ती म्हणाली, "मिरचीत रंग घालणारे पण बाजारातच असतात ना?" असतात, मेले. त्यांना पकडून बडवायलाच हवं. पण रंग घातलेली मिरची एकदा घेतली की मी पुढच्या वेळी त्या दुकानाची पायरी चढत नाही. टिपणीसांची पायरी मी पंधरा वर्षं चढतेय, माझ्या न्हाणीघरातलं छत माझ्या डोक्यावर पडायची वेळ आली तरी.

आणि टिपणीसांकडचीच गंमत. गणपतीत आरतीला गेले होते, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर वहिनी काळा मसाला बरणीत भरत होत्या. पाकीट कात्रीने कापलं, मसाला ओतला आणि पाकिटाचा बोळा करून कचऱ्यात, तोसुद्धा खाली, भाजीच्या देठांखाली. मला बघून दचकल्या. "आमच्या ह्यांना आमटीला हाच लागतो," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाव वाचलंत का?" त्या म्हणाल्या, "आरती सुरू होतेय, चला."

त्या दिवशी मंडईतून परत आले ती कोथिंबीर न घेताच. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली आणि मरोळला गेले. पार्ल्याच्या त्या पाकिटावर पत्ता होता. सरकारी औद्योगिक वसाहतीतला अर्धा गाळा, अर्ध्यात कुणी खोकी बनवणारा आणि अर्ध्यात ही. लांबूनच डंक्याचा आवाज आला. बाहेर दहा-बारा बायका रांगेत, डोक्याला रुमाल बांधून, कुणी आपल्या मिरच्या कुटून घ्यायला आलेली, कुणी तयार मसाला न्यायला. आत प्रकाश पोतं उचलत होता. निर्मला काउंटरला. तोंडाला फडकं, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. तिने मला बघितलं. मान हलवली. रांगेतून काढून पुढे घेतलं नाही. मीही रांगेत उभी राहिले, पाय दुखत असताना.

मी काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. बसमध्ये ओठ हलवत आले, शेजारच्या बाईला वाटलं स्तोत्र म्हणतेय. नंबर आला आणि सगळं पाठांतर गेलं. एवढंच तोंडातून निघालं, "निर्मला, त्या दिवशी मी पण हात वर केला होता गं."

"माहीत आहे काकू. समोरच बसले होते मी."

"मग बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे."

मला वाटलं आता देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, हिशेब फिटला म्हणून सुखाने घरी आले असते. माफ केलं असतं तरी चाललं असतं, डोळे पुसत आले असते. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. मागून एक बाई ओरडली, "आजी, आटपा ना, ऊन होतंय!"

निर्मलाने स्टीलचा डाव उचलला, माझ्याकडे बघितलं आणि रांगेतल्या प्रत्येकीला विचारत होती त्याच आवाजात मला विचारलं, "तुम्हाला कसा पाहिजे?"

दोन तास चालली होती आमची ती मीटिंग. तिच्याबद्दलच चालली होती. तुला काय पाहिजे, हा प्रश्न तिला आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.